कूलर गारवा देत नाही, अंग नुसतं चिकट होतं (आणि ओला हात लागला की झिणझिण्या)

शेवंती_दर्यापूर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९९ सालचा लोखंडी कूलर आहे. आमच्या ह्यांनी अकोल्यात कारागिरासमोर बसून, पत्रा निवडून करवून घेतलेला. १८ इंची पंखा, तीन बाजूंना ताट्या. इतकी वर्षं ताट्या बदलण्यापलीकडे एक पैसा मागितला नाही त्यानं. मागच्या उन्हाळ्यापासून मात्र फिरलाय. रात्री लावला की पहिला अर्धा तास बरा वाटतो, मग हवा जड होते, चादर ओलसर लागते. परवा तर स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटलं. बाहेर ४५ अंश, मे महिना, आणि मिठाला पाणी!

काय काय करून झालं ते सांगते. ताट्यांतलं वूडवूल (लाकडाचं गवत) काढून हनीकोंब (पुठ्ठ्याच्या, मधाच्या पोळ्यासारख्या ताट्या) बसवले, २२०० रुपये गेले. पंप नवा टाकला. पंखा नुसता गुणगुणायचा, त्याचा कंडेन्सर बदलला. वानरं ताट्या ओरबाडून न्यायची म्हणून गेल्या वर्षी कूलर खिडकीबाहेरून काढून खोलीत कोपऱ्यात घेतला. पाणी बोअरचं, नळाचा भरवसा नाही. आणि हो, टाकीला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून मी लाकडी पाटावर उभी राहून पाणी भरते.

मुलगा पुण्याहून म्हणतो, भंगारात दे आणि एसी घे. खोली वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो. काय करावं?

हिंजवडीतला_मुलगा_नव्हे

काकू, मुलाचं ऐका. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्या, २६ वर ठेवा, वर पंखा एकवर. पाणी भरणं नाही, वानरं नाहीत. १९९९ चा पत्रा किती दिवस जपणार?

वायरमन_मूर्तिजापूर

ताई, बाकीचं मग. आधी कूलरचा प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. लाकडी पाटावर उभं राहून पाणी भरता म्हणजे कूलरच्या अंगात करंट येतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही एसी का कूलर विचारता! दर उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरच्या शॉकनं माणसं जातात, आणि बहुतेक पाणी भरतानाच.

वायरमन बोलवा. नुसता पंप जोडून एकदा आणि नुसती मोटर जोडून एकदा तपासायला सांगा, म्हणजे करंट कुठून गळतो ते कळते. पंपाची वायर पत्र्याच्या काठावरून जाते तिथे बहुतेक सोललेली सापडते. मग अर्थिंग. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहायला सांगा, मिणमिणला तर अर्थिंग मेलं. आमच्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, त्यात बादलीभर पाणी टाकत जा. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळाला की ती लगेच वीज तोडते. ती असली तरी पाणी भरताना प्लग काढायचाच.

आता गारव्याचं. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलं, वानरांच्या वाक्यात. कूलर आत काहून घेतला? कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, म्हणून गार. कोपऱ्यात ठेवला की तो खोलीतलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढते. अर्ध्या तासात हवा पाण्यानं भरली, आता वाफ कशाची होणार? दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असली तर चांगला कूलर २८-३० ची हवा फेकते. तोच जुलैत, ३२ अंश आणि ७५ टक्क्यांत, दोन-तीन अंशांवर जात नाही. तुम्ही दार लावून खोलीत जुलै तयार केला.

परत खिडकीबाहेर काढा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. त्या खिडकीचा पडदा बाहेर ओढला गेला म्हणजे जमलं.

नागपुरी_वाळा

वायरमनभाऊंशी सहमत. हनीकोंबबद्दल मात्र थोडं. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. बोअरचं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि आपण वरून तेच पाणी भरत राहतो. आठवड्याभरात टाकीतलं पाणी चाखवणार नाही इतकं खारट होतं. हनीकोंबच्या नळ्या त्या क्षारानं बुजतात. ते असतात तीन-चार इंच जाड, तुमच्या जुन्या चौकटीत कोंबून बसवले असतील, आणि हा पंखा तेवढा जोर लावणारा नाही. साधं वूडवूल लावा. दर उन्हाळ्यात टाकून दिलं तरी जीव तुटत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा वास छान, पण खाऱ्या पाण्यात त्याही गेल्याच समजा.

ताटीच्या वरच्या पाइपाची भोकं सुईनं मोकळी करा. कूलर चालू असताना ताटीवर कोरडा पट्टा दिसला तर तिथून सरळ लू आत येते. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, आणि आठवड्यातून एकदा आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

एसीवाल्या मित्रा, एसीची टनात सांगतात ती क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आमच्याकडे ३५ ला लोक स्वेटर शोधतात. उघड्या स्लॅबखाली ४६ ला दीड टनाचा एसी दमतो. शिवाय एसीला रात्रीत सात-आठ युनिट, कूलरला दोन.

हिंजवडीतला_मुलगा_नव्हे

स्वेटर नोंदवून घेतलं. पण जूनमध्ये पाऊस लागल्यावर काकूंनी काय करायचं?

नागपुरी_वाळा

पंप बंद, नुसता पंखा. त्या दोन महिन्यांसाठीच एसी घ्यायचा असेल तर हरकत नाही.

शेवंती_दर्यापूर

नऊ दिवसांनी लिहितेय. पंपाची वायर अगदी पत्र्याच्या काठावरच सोललेली निघाली. आणि सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला वायरच नव्हती! घर बांधल्यापासून नव्हती म्हणे. सत्तावीस वर्षं आम्ही तीन पिनांचा प्लग हौसेनं लावत होतो. अर्थिंग नवं केलं, आरसीसीबी बसवली. मुलानं पैसे पाठवले, एसीतून वाचले म्हणून.

कूलर परत खिडकीबाहेर गेला. वेल्डिंगवाल्याकडून भोवती जाळीचा पिंजरा करून घेतला, १८०० रुपये. वूडवूल लावलं. समोरच्या खिडकीचा पडदा बाहेर जातो, आणि पहाटे चारला मला पांघरूण लागलं. मीठ मोकळं आहे.

वानरं येतात. पिंजऱ्यातून बोटं घालून ताटीवरचं ठिबकणारं पाणी चाटतात. खारट लागत असेल, पण या दिवसांत त्यांना तरी कुठे मिळतंय.

हनीकोंबचे तीन तुकडे पडून आहेत, एकच महिना वापरलेले. गोड्या पाण्याच्या गावातलं कुणी असेल तर घेऊन जा.