शब्दचर्चा : प्रकरण म्हणू की अध्याय?

प्रश्न : मधमाशीपालनावरच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. 'चॅप्टर'ला मी 'प्रकरण' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, 'अध्याय' भारदस्त वाटतो. 'सेक्शन'पाशी तर अडलेच आहे. आणि पुस्तकाच्या तुकड्यांना आपल्याकडे इतके शब्द आले कुठून?

प्रतिसाद १ : प्रकरणच ठेवा. अध्याय म्हटलं की समोर पाट, समई आणि लाल कापडातली पोथी येते. तो शब्द अध्ययनाच्या घरातला, म्हणजे मुळात 'धडा'च. पण आता सोवळ्यात गेलाय.

बाकीच्यांचं मूळ पाहायचं तर उसाच्या फडात चला. पर्व म्हणजे पेर. बेणं, म्हणजे लावणीचा ऊस, तोडताना दोन डोळ्यांची (कोंब फुटतो तो डोळा) टिपरी, म्हणजे तुकडे, करतात, तो डोळा पेराच्या गाठीशीच असतो. दोन गाठींमधला तुकडा म्हणजे कांड, आपलं कांडं. महाभारताची १८ पर्वं आणि रामायणाची ७ कांडं ही अशी एकाच उसावरची! भागवताचे १२ स्कंध म्हणजे फांद्या फुटतात ते खोड. कठोपनिषदात वल्ली, म्हणजे वेली. कथासरित्सागर नावातच सागर, म्हणून आत १२४ तरंग. बाणभट्टाच्या हर्षचरितात ८ उच्छ्वास आहेत. (त्याची वाक्यं वाचताना धाप लागते ती वेगळी.)

माझा लाडका शब्द मात्र 'आह्निक'. पतंजलीच्या महाभाष्यात, त्या व्याकरणावरच्या ग्रंथात, ८५ आह्निकं आहेत. आह्निक म्हणजे एका दिवसाचं. विषय कुठे संपला यापेक्षा शिकणारा आज कुठवर पोचेल, यावरून पडलेलं हे नाव. गुरुचरित्राच्या सप्ताहात आपण तेच करतो की! पहिल्या दिवशी कुणी सातव्या अध्यायाला थांबतं, कुणी नवव्याला. अध्याय ग्रंथाचे, थांबे वाचणाऱ्याचे.

प्रतिसाद २ : जुन्या मराठीत 'प्रसंग'ही होता. संतकवी शेख महंमदांच्या 'योगसंग्राम' या ग्रंथाचे १८ प्रसंग आहेत. दासबोधाचा हिशेब सगळ्यात नेटका : २० दशक, प्रत्येकात १० समास. आज 'दशक' म्हटलं की लोकांना नव्वदचं आठवतं आणि 'समास' म्हटलं की द्वंद्व-तत्पुरुष.

परिच्छेद आपल्याकडे पॅरेग्राफ, पण बंगालीत चॅप्टर. पहिली बंगाली कादंबरी उघडली तेव्हा 'प्रथम परिच्छेद' पाहून मी 'द्वितीय' त्याच पानावर शोधत होतो.

'सेक्शन'साठी एकच शब्द धरून बसू नका. कायद्यात ते कलम. तुमच्या पुस्तकात चार-पाच प्रकरणांचा गट असेल तर 'भाग', प्रकरणाच्या पोटातला तुकडा असेल तर नुसतं उपशीर्षक पुरे. 'उपप्रकरण' नको, सरकारी फाइलीचा वास येतो.

प्रतिसाद ३ : प्रकरण तरी कुठे निर्मळ राहिलंय? कर्जप्रकरण, प्रेमप्रकरण. कांड तर हत्याकांडाशिवाय ऐकू येत नाही. त्यातल्या त्यात पर्वाचं नशीब बरं, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांना लागलं.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. संपादकांना उसाचं सांगितलं, ते खूश झाले आणि 'प्रकरण'ला तयार झाले. आता 'भाग १ : पेटी', त्यात 'प्रकरण ३ : राणीमाशी' असं छापायचं ठरलंय. अनुक्रमणिका बहिणीला दाखवली तर ती म्हणाली, "राणीमाशीचं प्रकरण? कुणाशी?"