मदत हवी आहे: जुन्या खाणीतल्या दूषित पाण्यासाठी बोअर कुठे आणि कसं घ्यावं?

बंद खाणीच्या तोंडातून बारा महिने पाणी झिरपतंय. ओढ्यातल्या दगडावर बोट फिरवलं की भगवा चिकट थर हाताला लागतो. पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी मिळून गंधकाम्ल होतं, त्यात लोह विरघळतं, एवढं कळलंय. आत पाणी किती उंचीपर्यंत तुंबलंय ते बघायला बोअर घ्यायचंय, पण जुने नकाशे अर्धवट आहेत. बोगदा नेमका कसा गाठायचा? लोखंडी केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) आम्लात खाऊन जाईल, मग पीव्हीसीच ना?

खरी धास्ती दाबाची. २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीचं तोंड उकरताना सुमारे ३० लाख गॅलन पाणी फुटून बाहेर आलं. आडव्याऐवजी वरून उभं बोअर घेतलं तर हा धोका कमी होतो का? असं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.