फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल रात्री जागून बघण्यासारखी राहिली आहे का?

अंबडकर:
नमस्कार मंडळी. 19 जुलै 2026 ची फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला लागणार, म्हणजे 20 तारीख, सोमवार. माझी अंबडला फर्स्ट शिफ्ट, सातला गेटवर हजर. 2022 ची फायनल रविवारी रात्री साडेआठला होती, जेवता जेवता सगळ्या घराने पाहिली. या वेळी सातवीतला मुलगा हट्टाला पेटलाय. पण 32 चे 48 संघ झाले, 64 च्या 104 मॅचेस, प्रत्येक हाफमध्ये पाण्यासाठी तीन मिनिटांचा ब्रेक, आणि फायनलच्या मध्यंतरात पहिल्यांदाच गाण्यांचा कार्यक्रम. यात फुटबॉल किती उरतो? जागावं, की सकाळी हायलाइट्स बघाव्यात?

कॉलेजरोड_10:
हायलाइट्स. 1994 च्या फायनलमध्ये 120 मिनिटांत एक गोल नाही. 2010 ला 14 यलो कार्ड आणि गोल 116 व्या मिनिटाला. फायनलला दोन्ही संघ हरायच्या भीतीने खेळतात. खरा खेळ सेमीफायनललाच होतो, 2014 ची जर्मनी-ब्राझील 7-1 आठवा.

देवळालीचा_डावा:
अंबडकर, जागा. मुलालाही उठवा.

मी देवळाली कॅम्पात वाढलो, तोफखान्याच्या जवानांचा खेळ बघत शिकलो. आता रविवारी सकाळी नाशिकरोडला पोरांना शिकवतो. ही पोरं मोबाइलवर शेकडो गोल बघतात, पण चेंडू पायात नसताना कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नाही. कळणार कसं? हायलाइट्समध्ये ते दिसतच नाही.

2022 ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल म्हटलं की लोक फ्रान्सच्या एम्बापेचे 80 आणि 81 व्या मिनिटाचे दोन गोल सांगतात. माझ्यासाठी ती मॅच अर्जेंटिनाच्या डी मारियाची. 2014 ची फायनल त्याची दुखापतीत गेली. 2022 ला सेमीफायनलमध्ये तो मैदानात उतरलाच नव्हता. आणि फायनलला कोच स्कालोनीने त्याला थेट खेळवला, तोही उजवीकडे नाही, डावीकडे. फ्रान्सच्या डेंबेलेला सारखं मागे पळावं लागलं, त्यानेच डी मारियाला पाडलं आणि मेस्सीला पेनल्टी मिळाली. 36 व्या मिनिटाला दुसरा गोल स्वतः डी मारियाचा. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा गोलवर एक फटका नाही! फ्रान्सचा कोच देशाँने मध्यंतराचीही वाट न बघता 41 व्या मिनिटाला जिरू आणि डेंबेले, दोघांना बाहेर काढलं. 64 व्या मिनिटाला डी मारिया बाहेर गेला आणि अर्जेंटिना हळूहळू मागे सरकायला लागली. पुढची पंधरा मिनिटं स्कोअर 2-0 च होता, पण मॅच हातातून निसटताना दिसत होती. सकाळच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत 36 नंतर थेट 80 येतं. मग तो चमत्कार वाटतो. चमत्कार नव्हता तो.

कॉलेजरोड, 1994 ला गोल झाला नाही हे खरं, पण का झाला नाही ते बघा. इटलीचा बचावपटू बारेसीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिनाही उलटला नव्हता आणि तो माणूस 120 मिनिटं ब्राझीलच्या रोमारियोसमोर उभा राहिला. नंतर शूटआउटमध्ये पेनल्टी बाहेर मारली. लोकांना इटलीच्याच बाजियोची चुकलेली आठवते, पण शूटआउटची पहिलीच पेनल्टी बारेसीची होती. बचाव हाही खेळच आहे हो, आणि मी तर म्हणतो अवघड अर्धा.

मध्यंतराच्या कार्यक्रमाबद्दल मात्र अंबडकरांशी शंभर टक्के सहमत. नियमात मध्यंतर 15 मिनिटांपेक्षा जास्त नाही. 2024 च्या कोपा अमेरिकाच्या फायनलला शकीराच्या गाण्यांसाठी 25 मिनिटांचं केलं. स्नायू थंड पडतात, खेळाडूंना पुन्हा वॉर्मअप करावा लागतो. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच खेळणाऱ्यांशी असं वागू नये. मला याचा मनापासून राग आहे. पण म्हणून मॅच सोडू नका. त्या वेळात चहा टाका.

आणि शिफ्टचा हिशेब आधीच करा. गेल्या पाच फायनलपैकी चार एक्स्ट्रा टाइममध्ये गेल्या, फक्त 2018 ची नव्वद मिनिटांत संपली. म्हणजे तीन वाजतीलच असं धरा. रविवारी संध्याकाळी लवकर जेवून झोपा, बाराला उठा. बदली सुट्टी शिल्लक असेल तर आजच अर्ज टाका.

अंबडकर:
मुलाला वाचून दाखवलं. विचारतोय, चेंडूकडे नाही बघायचं तर नक्की कुठे बघायचं?

देवळालीचा_डावा:
त्याला म्हणावं, पहिली पंधरा मिनिटं एकच फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, धर. आपला संघ पुढे गेला की तो किती वर जातो आणि त्याची मागची जागा कोण भरतो, एवढंच बघ. दुसऱ्या हाफमध्ये त्याचं वर जाणं थांबलं, तर समोर कोणता विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, आलाय ते शोध. तुमचा मुलगा खेळतो कोणत्या जागेवर?

अंबडकर:
राइट बॅक. अर्ज टाकतो उद्याच.