जवळजवळ इअरफोनच्या जोडीइतकीच महाग केबल घ्यावी का? मदत हवी आहे

सातपूरकर:

नमस्कार. मी नाशिकला जेल रोड भागात राहतो आणि सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्विचगिअरच्या (वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांच्या) चाचणी विभागात काम करतो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता गाणे ऐकणे हा माझा एकमेव शौक आहे. त्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी प्रत्येक कानात पाच ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेले २२,००० रुपयांचे इअरफोन घेतले. (ही किंमत घरी अद्याप सांगितलेली नाही.) फोनला एक छोटा यूएसबी डॅक (डिजिटल संकेतांचे आवाजाच्या विद्युत संकेतांत रूपांतर करणारे उपकरण) लावतो आणि त्याच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून ऐकतो.

गेल्या दोन महिन्यांपासून डावी बाजू मधूनच बंद पडते. केबल काही ठिकाणी आतून हिरवी पडली आहे आणि प्लगजवळ जराशी वाकवली तरी खरखर सुरू होते. कॉलेज रोडवरील एका दुकानात गेलो असता दुकानदाराने तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली १८,००० रुपयांची केबल माझ्याच इअरफोनला लावून ऐकवली. फरक निःसंशय जाणवला. भीमसेन जोशींच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणात तानपुरा एरवी मागे कुठेतरी गुणगुणत असतो, तो अक्षरशः पुढे येऊन बसला आणि त्याची जवारी (तारांचा झंकार) तारेगणिक वेगळी कळू लागली. अनामत ठेवून केबल काही दिवसांसाठी घरी आणली, तर तोच तानपुरा पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या जागी गेला.

मोजमाप हाच माझा व्यवसाय असल्यामुळे सोमवारी दोन्ही केबला कारखान्यात नेल्या. ब्रेकरच्या कॉन्टॅक्टमधून १०० अँपिअर सोडून रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजणारे आमचे यंत्र इथे अर्थातच चालत नाही, म्हणून कमी करंटच्या मिलीओहम मीटरवर चार तारांच्या पद्धतीने मोजणी केली. जाणारी आणि येणारी तार मिळून जुन्या केबलचा रेझिस्टन्स ०.७ ओहम आणि नव्या केबलचा ०.२ ओहम आला. जुन्या केबलचा प्लग बोटाने वाकवला की डाव्या बाजूचा आकडा ३ ओहमच्या पुढे उडी घेतो.

म्हणजे धडधाकट स्थितीत दोन्ही केबलांमध्ये अर्ध्या ओहमचा फरक आहे. एवढा फरक कानाला कळू शकतो का, आणि कळत असेल तर त्यासाठी १८,००० रुपये मोजणे शहाणपणाचे आहे का? शनिवारपर्यंत केबल परत करायची किंवा पैसे भरायचे आहेत.

निफाडची थंडी:

आपण आकडे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. केबल आणि इअरफोन एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे केबलचा रेझिस्टन्स व्होल्टेजचा थोडा वाटा स्वतःकडे ठेवून घेतो. इअरफोनचा इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा) सर्व स्वरांना सारखा असता, तर आवाज किंचित कमी होण्यापलीकडे काहीच घडले नसते. परंतु अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनमध्ये तो फ्रिक्वेन्सीनुसार बराच बदलतो. समजा आपल्या जोडीत तो कुठे ८ ओहमपर्यंत उतरतो आणि कुठे ४० ओहमपर्यंत चढतो. जुन्या केबलवर ८ ओहमच्या जागी ०.७३ डेसिबल आणि ४० ओहमच्या जागी ०.१५ डेसिबल घट होईल, म्हणजे स्वरांचा तोल सुमारे ०.५८ डेसिबलने ढळेल. नव्या केबलवर हीच तफावत ०.१७ डेसिबल राहील. दोन्हींतील अंतर ०.४ डेसिबलच्या आसपास येते. अगदी शांत खोलीत, लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ते कदाचित कळेल. द्वारका चौकात थांबलेल्या बसमध्ये कळणार नाही.

मात्र ०.२ ओहम गाठण्यासाठी चांदी लागत नाही. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा केवळ सहा टक्क्यांच्या आसपास अधिक आहे. तांब्याच्या तारेचा व्यास तीन टक्क्यांनी वाढवला की ती बरोबरी साधते, आणि मुलाम्यात तर चांदी नावापुरतीच असते. वरचे स्वर तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात, म्हणून मुलामा हवा, असे आपल्या दुकानदाराने सांगितले असल्यास तेही इथे लागू पडत नाही. तांब्यात २० किलोहर्ट्झला करंट शिरण्याची खोली सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि या केबलांतील एकेक तंतू त्याहून कितीतरी बारीक असतो.

एक प्रश्न विचारतो. दुकानात दोन्ही केबलांचे प्लग एकाच प्रकारचे होते का?

सातपूरकर:

हा विचार मी केला नव्हता. नव्या केबलला ४.४ मिलिमीटरचा जाड प्लग आहे. माझ्या डॅकला ते छिद्र नाही, त्यामुळे घरी मी दुकानदाराने दिलेल्या अडॅप्टरने ती ३.५ मध्ये लावत होतो. दुकानात मात्र त्यांच्या डॅकवर जुनी केबल ३.५ मध्ये आणि नवी ४.४ मध्ये लावली होती. आवाजाच्या बटणाला कोणी हात लावल्याचे मला आठवत नाही.

निफाडची थंडी:

मग आपला तानपुरा तिथेच पुढे आला. ४.४ चे आउटपुट बॅलन्स्ड असते. त्यात प्रत्येक कानाच्या दोन्ही तारा परस्परविरुद्ध दिशेने चालवल्या जातात, त्यामुळे पुष्कळ डॅकवर आवाजाची पातळी न बदलताही व्होल्टेज जवळजवळ दुप्पट मिळते. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. मोठा आवाज आपल्या कानाला आपोआप अधिक स्पष्ट आणि भरदार वाटतो, आणि मागचा तानपुरा सर्वांत आधी वर येतो. दुकानदाराने हे जाणूनबुजून केले असेल असे मी म्हणत नाही. अनेक विक्रेत्यांनाही हीच भूल पडलेली असते.

आपल्याजवळ मल्टिमीटर असल्यामुळे खात्री करणे सोपे आहे. ४०० हर्ट्झचा अखंड स्वर लावून इअरफोनच्या टोकाशी एसी व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही केबलांवर ते एक टक्क्याच्या आत जुळवून मगच ऐकावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ४.४ ची केबल ३.५ मध्ये नेणारा अडॅप्टर निर्धोक आहे, पण ३.५ ची केबल बॅलन्स्ड ४.४ मध्ये नेणारा अडॅप्टर कधीही लावू नये, कारण दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या जाऊन डॅक जळू शकतो.

षड्जवेडी:

माझे मत थोडे वेगळे आहे. मी ६,००० रुपयांची केबल वापरते आणि ती आवाजासाठी घेतलेली नाही. पूर्वीची केबल ओढणीला घासली की त्याचा खरखराट थेट कानात पोचायचा, थंडीत ती काडीसारखी ताठ व्हायची आणि कानामागचा भाग दुखायचा. आताची केबल सुती दोऱ्यासारखी मऊ आहे. रोज तास-दीड तास अंगावर वागवायच्या वस्तूसाठी त्या मऊपणाचे पैसे देणे मला वाया गेल्यासारखे वाटत नाही. डेसिबलच्या हिशेबात ही गोष्ट येत नाही, म्हणून लिहिले.

सोल्डरगन:

सातपूरकर साहेब, तुमच्या केबलचा मूळ आजार प्लगच्या मानेशी तुटलेल्या तंतूंचा आहे. दोन सेंटिमीटर केबल कापून नवा प्लग लावला की तो जाईल. मेन रोडच्या परिसरात मोबाईल दुरुस्त करणारे बरेच जण हे काम करतात, परंतु एक गोष्ट आधी विचारा. प्रत्येक तंतूवर इनॅमलचा (वीजरोधक लेपाचा) थर असेल, तर तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. घाईत केलेला जोड वरून चकचकीत दिसतो आणि आठ दिवसांत पुन्हा खरखरतो. जोड झाल्यावर मिलीओहम मीटरवर मोजून आणि वाकवून पाहाच. हिरवेपणा म्हणजे घाम आणि हवा यांमुळे तांब्यावर चढलेला थर आहे. तो दिसायला वाईट असला, तरी तुमच्या ०.७ ओहमच्या मोजणीवरून तार आतून शाबूत आहे.

सातपूरकर:

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री वर सांगितल्याप्रमाणे जुन्या केबलचा प्लग न हलणाऱ्या स्थितीत चिकटपट्टीने बांधला, व्होल्टेज जुळवले आणि चाचणी घेतली. केबलच्या वजनावरून ओळख पटू नये म्हणून दोन्ही केबला कॉलरला चिमटा लावून अडकवल्या. मी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि कन्येने नाणे उडवून दहा वेळा केबल निवडली. मी सहा वेळा बरोबर ओळखले. नाणे माझ्याऐवजी उत्तर देत असते, तर पाच अपेक्षित होती. केबल बदलायला दर वेळी मिनिटभर जात होते आणि तेवढ्या वेळात आधीचा स्वर कानात टिकत नाही, त्यामुळे माझी चाचणी थोडी कच्ची आहे हे मान्य करतो. परंतु दुकानात जो फरक पहिल्याच क्षणी जाणवला होता, तो या वेळी दहापैकी एकदाही जाणवला नाही.

आज सकाळी केबल परत केली. दुकानदाराने कुरकुर न करता अनामत दिली, आणि बॅलन्स्ड आउटपुटची गोष्ट मी काढली तेव्हा त्यांनी स्वतः दोन्ही जॅक आलटून-पालटून आवाज कमी-जास्त करून ऐकले. जुन्या केबलला १५० रुपयांत नवा प्लग बसवून घेतला. कारागिराने इनॅमल असल्याचे माझ्याआधीच ओळखले. आता वाकवल्यावरही आकडा ०.७ वरून हलत नाही. तरीही षड्जवेडी यांचे म्हणणे पटल्यामुळे १,४०० रुपयांची साध्या तांब्याची एक मऊ केबल मागवली आहे. तिच्यावर रेझिस्टन्स ०.२५ ओहम लिहिलेला आहे. हाती आली की आधी मीटरवर लावीन आणि मग कानाला.