चकमकीच्या रायफलचे लॉक: एक स्क्रू की दोन?
पेन्सिल्व्हेनिया धाटणीच्या चकमकीच्या रायफलला लॉक (ठिणगी पाडून दारू पेटवणारी यंत्रणा) बसवताना एक स्क्रू पुरतो की दोन लागतात, आणि १०-३२ मापाचा (पहिला आकडा जाडीचा क्रमांक, दुसरा इंचामागे आट्यांची संख्या) जाड स्क्रू अधिक टिकाऊ ठरेल का, असे आपण विचारले आहे. अमेरिकन क्रांतीच्या आसपासच्या नमुन्यासाठी मी दोनच सुचवेन. एका स्क्रूची पद्धत नंतरच्या रायफलींत अधिक दिसते. जाडी मात्र ८-३२ चीच ठेवावी, कारण पुढचा स्क्रू नळीचा तळ आणि गजाचे (नळीत दारू-गोळी ठासायच्या काठीचे) भोक यांमधल्या जेमतेम उरलेल्या लाकडातून जातो आणि तिथे या दोन मापांतला सुमारे ०.७ मिलिमीटरचा फरकही भारी पडतो.

लांबीची घाई करू नये. टोक लॉकच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाशी समतल येईपर्यंत कानशीने थोडे थोडे घासावे. नंतर घोडा हाताने सावकाश मागे ओढून पाहावा. स्क्रू सैल असताना घोडा मोकळा फिरत असेल आणि आवळल्यावर जड होत असेल, तर बहुधा आतले लाकूड कुठेतरी घासत असते. अशा वेळी लॉकच्या आतल्या हलत्या भागांना दिव्याची काजळी लावून लॉक बसवावे, काढावे, आणि लाकडावर काळा डाग उमटेल तेवढीच जागा पटाशीने खरवडावी.