गाळ मोजताना तलावाचा तळ कुठला धरायचा?

मदत हवी आहे. गाळामुळे तलावाची साठवण क्षमता किती घटली ते काढतोय. मूळ समोच्च नकाशा (सारख्या उंचीच्या रेषा दाखवणारा) हाताशी आहे, त्यातल्याच छेदरेषांवर होडीतून खोली मोजली, रोजची पाणीपातळी धरून दुरुस्तीही केली. अडचण बांधाजवळ आहे. २०० किलोहर्ट्‌झचा इको साउंडर (ध्वनिलहरी पाठवून खोली मोजणारं यंत्र) मऊ गाळाच्या माथ्यालाच तळ समजतो. तिथेच बांबू टाकला तर हातभर सहज आत जातो आणि वर येतो तो काळ्या, दह्यासारख्या चिखलाने माखून. नदी शिरते तिथे वाळू घट्ट आहे, दोन्ही आकडे जुळतात. (हा वाळूचा भर थेट उपयुक्त, म्हणजे वापरता येणारा, साठाच खातोय, त्याची जास्त काळजी वाटते.) पिण्याचं पाणी असल्याने तलाव रिकामा करता येणार नाही, मऊ गाळाच्या आत पोचणारं कमी वारंवारितेचं यंत्रही मिळणार नाही. मग क्षमता काढताना तळ कुठला धरायचा: मऊ थराचा माथा, की बांबू अडतो ती पातळी?