मदत हवी आहे: चहा स्वस्त झाला, तरी बोस्टन का पेटलं?

मंडळी, अमेरिकन क्रांती भाचीला समजावताना एका ठिकाणी अडलोय. १७६५ चा स्टॅम्प कायदा (वसाहतींतल्या छापील कागदांवर कर) लंडनने, म्हणजे ब्रिटिश सरकारने, पुढच्याच वर्षी मागे घेतला. १७७० मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने आयात मालावर लावलेले करही बहुतेक उठवले, चहावरचा पौंडभर वजनामागे तीन पेन्स तेवढा ठेवला. १७७३ च्या कायद्याने तर ईस्ट इंडिया कंपनीचा (हो, तीच ती!) चहा उलट स्वस्त होणार होता. तरी बोस्टनकरांनी ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या! ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ हे पाठ आहे, पण तेवढ्याने समाधान होत नाही. धंदा बुडणारे स्थानिक व्यापारी आणि चोरटा डच चहा आणणारे, यांचा हात कितपत होता? की १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद करून लंडननेच इतर वसाहतींना चिथावलं? मराठीत नीट वाचायला काही असेल तर सुचवा.